विश्लेषण : योग्य पद्धत वापरली, तर प्रत्येक कुत्रा शिकतोच का?

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिराती याच्या नेमके उलट सांगतात. कुठलाही कुत्रा, कुठलीही सवय, काही आठवड्यांत फरक आणि तोही हमखास, असा त्यांचा दावा असतो. म्हण जितकी सरसकट आहे, तितकीच जाहिरातही. प्रत्येक निरोगी कुत्रा काही ना काही शिकू शकतो, हे खरे. प्रत्येक कुत्र्याला हवे ते शिकवता येते, हे मात्र खरे नाही. या दोन वाक्यांतला फरक लक्षात न आल्याने पालकांचे पैसे जातात, शेजाऱ्यांना चावे बसतात आणि कुत्री रस्त्यावर सोडली जातात.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

गेल्या काही काळात देशातील दोन मोठे निर्णय याच प्रश्नापाशी येऊन अडले. केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल टेरियर, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची विक्री आणि पैदास रोखण्यास सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे परिपत्रक रद्द ठरवले. त्यानंतर भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आधीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्याच भागात सोडावीत, मात्र रेबीजची बाधा वा शंका असलेली आणि आक्रमक वर्तन असलेली कुत्री सोडू नयेत, असे त्यात म्हटले आहे.

पहिल्या निर्णयामागे कुत्र्याचा स्वभाव जातीवरून ठरतो असे गृहीतक होते. दुसऱ्यात आक्रमक कुत्रा वेगळा ओळखता येतो असे गृहीतक आहे. ही गृहीतके कितपत टिकतात हे तपासायचे, तर कुत्रा कसा शिकतो आणि कुठे शिकत नाही, हे आधी पाहावे लागते.

कुत्रा शिकतो म्हणजे नेमके काय होते?

शिकण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांमुळे प्रसिद्ध झाला. एखाद्या खुणेनंतर वारंवार अन्न मिळाले, की केवळ खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. घरातही हेच घडते. पट्टा खुंटीवरून काढल्याचा आवाज आला, की कुत्रा दाराशी धावतो. डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना दिसला, की पाय रोवून बसतो. येथे कुत्रा काही 'करायला' शिकलेला नसतो. त्याला काय वाटते, ते बदललेले असते.

दुसरा मार्ग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी मांडला. ज्या कृतीतून फायदा होतो ती वाढते, जिच्यातून काहीच मिळत नाही ती हळूहळू कमी होते. बसल्यावर खाऊ मिळाला, की कुत्रा जास्त वेळा बसतो. पण फायदा म्हणजे काय, हे कुत्रा ठरवतो, माणूस नाही. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्यावर घरातले चौघे ओरडतात आणि त्याला हाताने ढकलतात. माणसांच्या दृष्टीने ती शिक्षा असते. एकट्या कंटाळलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने चौघांचे लक्ष एकदम मिळालेले असते. उड्या वाढतात आणि 'हा ऐकतच नाही' असा निष्कर्ष निघतो.

वेळेचेही तसेच. परिणाम कृतीनंतर एक-दोन सेकंदांत यावा लागतो. दहा हाका मारूनही न आलेला कुत्रा अकराव्या हाकेला आला आणि त्याला चापट मिळाली, तर चापट 'येण्याला' जोडली जाते. सकाळी सोफा फाडला आणि संध्याकाळी ओरडा मिळाला, तर सोफ्याचा आणि ओरडण्याचा संबंध त्याच्या डोक्यात जुळतच नाही. 'त्याला कळते, बघा कसा अपराधी चेहरा करतो,' असे पालक सांगतात. संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासले. कुत्र्याने खरोखर खोडी केली आहे की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसला.

या दोन यंत्रणा प्रत्येक कुत्र्यात असतात. म्हणूनच म्हण चुकीची ठरते. वय झालेला, रस्त्यावरून आणलेला, ऐकू न येणारा कुत्राही हाताच्या खुणेवर बसायला शिकू शकतो.

मग अडचण कुठे येते?

'शिकवणे' या एका शब्दात तीन वेगळी कामे कोंबली जातात. पहिले काम आज्ञेचे: बस, थांब, ये. दुसरे सवयीचे: शी-शू ठरलेल्या जागी करणे, पट्टा न ओढता चालणे. तिसरे भावनेचे: अनोळखी माणसाची भीती जाणे, फटाक्यांना न घाबरणे, दुसऱ्या कुत्र्याला पाहून न भडकणे.

पहिले काम बहुतेक कुत्र्यांत काही दिवसांत होते. दुसऱ्याला आठवडे लागतात आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळावा लागतो. तिसऱ्याला महिने, कधी वर्षे लागतात आणि अनेकदा समस्या संपत नाही, फक्त आटोक्यात येते. जाहिरातीतला व्हिडीओ पहिल्या कामाचा असतो; पालक मात्र तिसऱ्या कामासाठी पैसे भरतात. 'बस' म्हटल्यावर बसणारा कुत्रा मनातून घाबरलेला असू शकतो आणि बसल्या जागेवरून चावूही शकतो.

जातीचा वाटा किती?

आहे, पण समजला जातो त्यापेक्षा कमी. 'सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेण्यात आली आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण झाले. वागणुकीतील एकूण फरकांपैकी केवळ ९ टक्के फरक जातीने स्पष्ट होतो, असे त्यात दिसले. माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याचा गुण जातीशी तुलनेने अधिक जोडलेला होता. कितपत लवकर बिथरतो किंवा आक्रमक होतो, याचा अंदाज जातीवरून फारसा बांधता आला नाही. याचा अर्थ स्वभाव अनुवंशिक नसतो असा नाही. एकाच जातीतले, अगदी एकाच वेतातले दोन कुत्रे एकमेकांपासून खूप वेगळे असू शकतात, एवढाच.

'हुशार जातीं'ची यादीही नीट वाचायला हवी. स्टॅनली कोरेन यांच्या १९९४ च्या पुस्तकातील यादीत बॉर्डर कॉली पहिला आणि अफगाण हाउंड शेवटचा आहे. ती यादी आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवर आधारलेली होती. म्हणजे तिने मोजले ते आज्ञा पाळणे. मेंढ्या वळवणारा कॉली शेकडो पिढ्या माणसाच्या इशाऱ्याकडे पाहत वाढला. नजरेने सावज टिपून धावणाऱ्या अफगाणला, आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळ कुत्र्याला, मागे वळून मालकाला विचारण्याची सोय नव्हती. पळता ससा दिसल्यावर कारवान हाकेला आला नाही, तर तो मठ्ठ नसतो. ज्यासाठी त्याला घडवले, तेच तो करत असतो.

स्वभावापुढे प्रशिक्षण हरते का?

याचे सर्वांत बोलके उदाहरण कुत्र्यांचे नाही. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दाम्पत्याने अमेरिकेत प्राणी प्रशिक्षणाचा व्यवसाय उभारला आणि हजारो प्राण्यांना शिकवले. १९६१ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याचा विषय यश नव्हता, अपयश होते. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवले होते. काही काळाने तो नाणी टाकण्याऐवजी एकमेकांवर घासू लागला, जसे तो निसर्गात अन्न धुताना करतो. डुकरे नाणे पेढीत टाकायचे सोडून नाकाने जमिनीवर ढकलू लागली. बक्षीस उशिरा मिळत होते, कधी मिळतही नव्हते, तरी हे वाढतच गेले. पद्धत तीच, प्रशिक्षक निष्णात, प्राणी भुकेला. तरीही उपजत वागणूक वरचढ ठरली.

कुत्र्याला हे लागू होते. टेरियरने माती उकरणे, बीगलने वासामागे जाणे, राखणदार कुत्र्याने फाटकावर भुंकणे हे 'बंद' होत नाही. उकरायला वाळूचा कोपरा, हुंगायला रोजचा अर्धा तास, भुंकल्यावर परत बोलावण्याची खूण, अशी वाट काढून देता येते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर कोंडलेल्या हस्कीला उत्तम प्रशिक्षकही शांत करू शकत नाही. कारण त्रुटी प्रशिक्षणाची नसते, निवडीची असते.

पहिले तीन महिने एवढे निर्णायक का?

अमेरिकेतील बार हार्बर येथील संशोधनकेंद्रात १९६१ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग झाला. पिल्लांना कुंपणाच्या आत माणसांच्या संपर्काविना वाढवले आणि वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांसोबत ठेवले. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पिल्ले पुढेही माणसांना बुजतच राहिली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू 'काय सुरक्षित, काय धोक्याचे' याची नोंद करत असतो. त्या काळात न भेटलेल्या गोष्टी, म्हणजे लहान मुले, छत्री, रिक्षा, लिफ्ट, काठी घेतलेले आजोबा, पुढे धोक्याच्या यादीत जाण्याची शक्यता वाढते.

येथे आपल्या बाजाराचा संबंध येतो. श्वानपैदास आणि विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात महिना-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास विकली जातात, कारण पिल्लू जितके लहान तितके गोंडस आणि विक्रेत्याचा खाण्याचा खर्च तितका कमी. आई आणि भावंडांसोबत खेळताना पिल्लू चाव्याचा जोर आवरायला शिकते. तो धडा अर्धवट राहतो. पुढे लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर नेलेच जात नाही. पहिल्या लसीनंतर आठवडाभराने स्वच्छ जागी, लस घेतलेल्या कुत्र्यांसोबत ओळखी सुरू कराव्यात, असे अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञांची संघटना सांगते. रस्त्यावर पाय न टेकवता कडेवर घेऊन फिरवले, तरी पिल्लू रिक्षा आणि माणसे पाहते. हा काळ हुकला, तर नंतर काहीच होत नाही असे नाही. पण जे दोन महिन्यांत सहज झाले असते, त्याला दोन वर्षे लागू शकतात.

सर्वोत्तम संस्थांनाही अपयश येते का?

येते, आणि त्या ते लपवत नाहीत. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्था पिढ्यान् पिढ्या निवडक पैदास करतात, जन्मापासून पिल्लांची नोंद ठेवतात, शिकवण्यासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक असतात. तरीही मोठ्या संख्येने पिल्ले अंतिम कामासाठी अपात्र ठरतात. 'द सीईंग आय' या १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी संस्थेतील ९८ पिल्लांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पिल्लांना आईने पहिल्या काही आठवड्यांत जास्तच गोंजारले, ती पुढे अपात्र ठरण्याची शक्यता अधिक होती. आई उभी राहून वा बसून पाजत असेल आणि पिल्लांना दुधासाठी धडपडावे लागत असेल, तर यशाची शक्यता वाढत होती. प्रशिक्षकाच्या हाती पट्टा येण्याआधीच बरेच काही ठरलेले असते, हा याचा अर्थ.

अपात्र ठरलेला कुत्रा 'वाईट' ठरत नाही. तो एखाद्या घरी आनंदाने राहतो. प्रत्येक कुत्र्याला प्रत्येक काम जमत नाही, हे या संस्थांनी मान्य केले आहे. पोलिसांची श्वानपथकेही निवड आधी करतात आणि शिकवतात नंतर. बीड पोलिसांच्या 'रॉकी' या श्वानाने ३०० हून अधिक प्रकरणांत मदत केल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये केला होता. त्या यशात प्रशिक्षणाचा जितका वाटा, तितकाच योग्य कुत्रा निवडण्याचा.

मार दिल्याशिवाय कुत्रा ऐकत नाही, हे खरे का?

या समजामागे 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून ती मांडली आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोहोचवली. पुढे मेक यांनीच जंगलातील लांडग्यांचा अभ्यास करून ती दुरुस्त केली: कळप म्हणजे बहुतेक वेळा आईवडील आणि त्यांची पिल्ले. पण कुत्र्याला उताणे पाडणे, गळा आवळणारी साखळी, टोचणारा पट्टा हे प्रकार अजून चालूच आहेत.

अशा उपायांनी कुत्रा थांबतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न पुढचा आहे. पोर्तुगालमधील ९२ पाळीव कुत्र्यांवरील २०२० च्या अभ्यासात, शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे आणि वर्गानंतर ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी अधिक आढळली. गुरगुरण्यावर मार मिळालेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, भीती सोडत नाही. मग तो इशारा न देता चावतो. धूर दिसताच वाजणाऱ्या यंत्राची तार कापण्यासारखे हे आहे. वेल्सने विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० मध्येच बंदी घातली. वर उल्लेख केलेल्या पशुवर्तनतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षीसाधारित पद्धतच वापरावी, असे स्पष्ट केले.

वागणूक बिघडली की आधी प्रशिक्षक की डॉक्टर?

डॉक्टर. पशुवर्तन तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत कुठले ना कुठले वेदनादायी दुखणे असते, असा अंदाज २०२० मधील एका शोधनिबंधात आहे. तो अंदाज सावधपणे, कमीत कमी धरलेला आहे. कंबर धरलेला लॅब्राडोर पाठीवर हात ठेवताच चावला, तर त्याला 'बस' शिकवून उपयोग नाही. कानाचा संसर्ग, दातदुखी, कमी होत जाणारी दृष्टी यांची लक्षणे आधी वागणुकीतच दिसतात. काही कुत्र्यांच्या टोकाच्या भीतीवर औषधांचीही गरज पडते. ते प्रशिक्षणाचे अपयश नसते. शिकण्याइतके मन स्थिर करण्याची ती पूर्वअट असते.

'कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो' हे कितपत खरे?

ब्रिटनमध्ये बार्बरा वुडहाउस यांनी दूरचित्रवाणीवरून आणि पुस्तकातून 'वाईट कुत्रे नसतातच' हे घोषवाक्य घरोघरी पोहोचवले. त्या स्वतः गळा आवळणाऱ्या साखळीचा पुरस्कार करत, हा त्यातला विरोधाभास. हे वाक्य कुत्र्यावरचा दोष काढते, हे चांगलेच. पण तो सगळा दोष मालकावर टाकते, हे अन्यायकारक आहे. चार वर्षांचा, कुणीतरी मारझोड करून सोडून दिलेला कुत्रा घरी आणणारी व्यक्ती वर्षभर कष्ट करते. तरी पाहुणे आले की कुत्र्याला खोलीतच ठेवावे लागते. 'तुमचीच पद्धत चुकत असेल,' हे त्या व्यक्तीला सांगणे निर्दयपणाचे आणि चुकीचेही आहे. अपराधी वाटून ती पुन्हा प्रयोग करते, पाहुण्यांत कुत्र्याला मोकळे सोडते आणि मग कुणाचे तरी बोट जाते.

दुसऱ्या टोकाला, ज्यांनी काहीच केले नाही असे पालक 'जातच तशी' म्हणून हात झटकतात. जातीवर बंदी घालणारे धोरण त्यांच्या सोयीचे असते, कारण यादीबाहेरच्या कुत्र्याची जबाबदारी मग कुणावरच येत नाही. चावा घेणाऱ्या एखाद्या कुत्र्याचा इतिहास, त्याला बांधण्याची पद्धत आणि पालकाची वागणूक पाहणे हे यादी करण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. पण उपयोग त्याचाच आहे.

मग पालकांनी आणि यंत्रणांनी काय करावे?

पालकांसाठी पहिली गोष्ट म्हणजे व्यवस्थापनाला कमीपणा न मानणे. दाराला आतून जाळीचे फाटक, लिफ्टमध्ये आखूड पट्टा, गरज असेल तिथे सवयीने घातलेली मुखजाळी, दिवाळीत बंद खिडकी आणि पंख्याचा आवाज. यांतले काहीच 'शिकवणे' नाही, पण चावा टळतो आणि कुत्रा घरात राहतो. जालीम उपायाच्या शोधात तीन प्रशिक्षक बदलण्यापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचे आहे.

प्रशिक्षक निवडताना तीन प्रश्न पुरतात. कुत्र्याने बरोबर केले तर काय कराल? चुकले तर काय कराल? आणि हे जमले नाही तर काय? तिसऱ्या प्रश्नाला 'जमणारच' असे उत्तर आले, तर तिथून निघावे. जिवंत प्राण्याच्या भीतीची हमी देणारा माणूस एकतर अननुभवी असतो किंवा ती भीती दाबून टाकणारा. मालकाला बाहेर ठेवून, कुत्रा महिनाभर नेऊन 'तयार करून' देणाऱ्यांबाबतही सावध राहावे. कुत्रा तिथल्या माणसाचे ऐकायला शिकतो, घरी परतल्यावर घर तेच असते.

आपल्याकडे कुत्रा शिकवण्याचा व्यवसाय करण्यासाठी सक्तीची परीक्षा वा अभ्यासक्रम नाही. महापालिका कुत्र्याच्या परवान्यासाठी लसीचा दाखला मागतात; त्याच वेळी पिल्लू कितव्या आठवड्यात, कुठून आणले हेही विचारले, तर आठ आठवड्यांचा नियम कागदावरून बाजारात उतरेल. आक्रमक कुत्रा ठरवण्याचे काम तक्रारीच्या सुरावर न सोडता पशुवैद्यकाकडून लेखी तपासणी व्हायला हवी, नाहीतर वेदनेने चावणारा आणि सवयीने चावणारा कुत्रा एकाच पिंजऱ्यात जाईल.

कुत्रा आणण्याआधी मात्र प्रत्येक घराने एक हिशेब मांडावा. दिवसाला किती तास, कोण देणार, घरात लहान मूल वा आजी-आजोबा आहेत का, आणि हा कुत्रा कधीच 'रील'मधल्यासारखा झाला नाही तरी पुढची १२-१३ वर्षे सांभाळायची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर कुठल्याही पद्धतीने ते 'हो' होत नाही. अशा घराने कुत्रा आणू नये, यातच त्या घराचे आणि कुत्र्याचेही भले आहे.